बारा व्होल्टचे पारवे

मोटर मिळाली मक्तुमसाबच्या गुजरीत,
मोडीत निघालेल्या टेंपोच्या वायपरची.
दीडशे सांगितले, नव्वदला दिली,
वर म्हणाला, चोर्ल्याच्या घाटातला पाऊस पुसलाय हिनं,
तुझी दोन पाखरं काय जड?

पाखरं मात्र मीच केली.
उद्यमबागेत, जेवणाच्या सुट्टीत, लेथच्या आडोशाला
जुन्या चपलांचे तळवे एकावर एक चिकटवून
आधी कानशीनं, मग पॉलिश पेपरनं
छाती उतरवत आणली.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला जॉब बसवणारा हात
पारव्याच्या गळ्यापाशी तीनदा चुकला.
तिथं माप नाही, फुगवटा आहे,
आणि पाखरू जेवलंय की उपाशी
हे आधी ठरवावं लागतं.
मी जेवलेलं केलं.
उपाशी पाखरामागं कोण उतरणार?

अंगाला ग्रे प्राइमर.
गळ्याला बायकोची मोरपंखी नेलपॉलिश.
तिनं विचारलं, कुणासाठी?
म्हटलं, भरमूकाकाच्या मसुरासाठी.

येळ्ळूरच्या शिवारातलं भात निघालं
की काळ्या मातीत मसूर उठते
आणि राजहंसगडाच्या भिंतीतून पारवे.
काका डबा बडवून दमला,
कॅसेटच्या फिती ताणून झाल्या,
मग जावयाची छऱ्याची बंदूक आणली,
तर ते टप्प्याच्या पलीकडंच उतरत.
मला म्हणाला, इकडं बोलावून दे गा त्यांना,
तू मशिनवाला.

पहिल्या रविवारी
मातीत पाइप पुरला, वर मोटर,
आडव्या सळईच्या दोन टोकांना दोघं.
ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर लावली
तर असे गरगरले की जत्रेतला पाळणा बरा.
काका पोट धरून हसला,
हे उतरालेत की पळालेत?

दुसऱ्या रविवारी मधे हेडलाइटचा बल्ब घातला,
थोडी वीज त्याला खाऊ दिली.
आता दोघं सावकाश,
उतरण्याच्या बेतात,
सारखे उतरण्याच्याच बेतात.
थवा यायचा, वाकायचा,
आणि बांधावरच्या चिंचेपाशी
काहीतरी कळल्यासारखा वळून जायचा.
काय कळायचं?

तिसऱ्या रविवारी एक पडला.
नेम नव्हे, योग.
काकाच्या आधी मी धावलो.
गरम होता अजून.
गळा मी केला होता तसा, अगदी तसाच,
आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.
मग पंख उघडून बघितला.
आतून पांढरा.

इतकी वर्षं डोक्यावरून गेले,
मला ठाऊक नव्हतं.
उडताना ते पांढरं उघडझाप करतं
आणि लांबचा थवा तेवढंच वाचतो.
मी दोन्ही बाजू करड्या ठेवल्या होत्या.

काका बांधावर बसून पिसं काढत होता.
एक पंख मी मागून घेतला,
जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला.

चौथ्या रविवारी बल्ब मंद पेटला,
दोघं फिरू लागले,
पांढरं, करडं, पांढरं,
आणि आभाळ वाकलं.
पाय पुढं काढून, शेपट्या पसरून,
गडावर एकही मागं राहिला नसेल असे.
एक तर फिरत्या सळईवरच बसू बघत होता,
माझ्या पाखराला खेटून.

काकाची बंदूक एका वेळी एकच छरा घेते.
मोडायची, भरायची, मिटायची.
हात थरथरत होते त्याचे,
छरे ढेकळांत सांडत होते.
बघालास काय नुसता? चालू ठेव!
माझं बोट बटणावर होतं.
बटणाला दोनच बाजू.

सोमवारी फोरमन बसलिंगाप्पानं विचारलं,
हक्की बंतेनो?
बंतु, म्हटलं,
आणि जॉब चकमध्ये धरला.
नखांत पांढरा रंग राहिला होता,
रॉकेलनंही निघेना.